गळ्यातले शास्त्र आणि वहीतले शास्त्र

हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणात शास्त्र आधी की गाणे आधी, हा वाद महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळ चालू आहे आणि त्याचा बराचसा भाग एका गैरसमजावर उभा आहे. शास्त्र म्हणजे संस्कृत ग्रंथांतून चालत आलेली प्राचीन विद्या आणि गायन म्हणजे घराण्यांनी तोंडी सांभाळलेली कला, अशी वाटणी सहसा गृहीत धरली जाते; परंतु आजचा विद्यार्थी परीक्षेसाठी जे शास्त्र वहीत उतरवतो, म्हणजे दहा थाट, रागांचे वादी-संवादी स्वर, आरोह-अवरोह, पकड आणि गानसमय, त्याची आजची मांडणी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत, हयात गवयांच्या गाण्यावरून पडताळून सिद्ध झालेली आहे. जे गाण्यातून निघाले तेच पुढे गाण्याच्या आधी शिकवायची गोष्ट होऊन बसले, आणि हा क्रम उलटण्यास कोणाचा हट्ट कारणीभूत नव्हता, तर शाळा, क्रमिक पुस्तक आणि परीक्षा या तीन व्यवस्थांची गरज कारणीभूत होती.

जुन्या ग्रंथकारांकडे या दोन बाजूंसाठी दोन नेमक्या संज्ञा होत्या. प्रत्यक्ष गायनवादनाच्या व्यवहाराला ते ‘लक्ष्य’ म्हणत आणि त्या व्यवहाराचे नियम सांगणाऱ्या विवेचनाला ‘लक्षण’. या दोहोंत मतभेद झाला तर कोणाचे ऐकावे, याचे उत्तरही त्यांनी देऊन ठेवले होते. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी राजकोषाचा हिशेब पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. शास्त्रे ही लक्ष्याला प्रधान मानून चालतात, म्हणून लक्ष्याच्या विरुद्ध जाणाऱ्या शास्त्रवचनाचा अर्थ निराळ्या रीतीने लावून घ्यावा, असा त्याचा निर्वाळा आहे, आणि पुढे सोळाव्या शतकात रामामात्याने ‘स्वरमेलकलानिधी’त आपली बाजू मांडताना त्याचाच आधार घेतला. गवयांचे प्रकार सांगताना शार्ङ्गदेव ‘शिक्षाकार’ नावाचा एक स्वतंत्र वर्ग मानतो; काहीही हातचे न राखता शिकवू शकणारा तो शिक्षाकार, आणि दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणारा तो ‘अनुकार’. संगीत शिकवणे हे गाण्याहून वेगळे कौशल्य आहे, ही जाणीव देवगिरीच्या परिसरात सातशे-आठशे वर्षांपूर्वी इतकी स्पष्ट होती, याची नोंद संगीतशिक्षणाच्या इतिहासात व्हावी तितकी होत नाही.

त्याच ग्रंथातील एका प्रकरणाची पुढची वाटचाल तर शास्त्र आणि व्यवहार यांच्या नात्याबद्दल बरेच काही सांगून जाते. सात स्वरांची, कोणताही स्वर न गाळता व न दुहेरी घेता, किती क्रमांनी मांडणी होऊ शकते याचे उत्तर पाच हजार चाळीस असे आहे, आणि शार्ङ्गदेव या मांडणीच्या गणितासाठी ‘खंडमेरू’ नावाचा तक्ता देतो. त्या तक्त्यावरून अमुक क्रमांकाची स्वरावली कोणती आणि अमुक स्वरावलीचा क्रमांक कोणता, हे सगळी यादी न लिहिता काढता येते; पहिल्या रीतीला ‘नष्ट’ आणि दुसरीला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. वरवर पाहता हे गणिती डोक्याचे काम आहे, गळ्याचे नाही. परंतु हीच कल्पना ‘मेरुखंड’ या नावाने भेंडीबाजार घराण्याच्या तालमीत दिसते. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत येऊन स्थायिक झाले. नजीर खाँकडे गोमंतकाच्या अंजनीबाई मालपेकर शिकल्या, आणि छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांनी ही परंपरा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालवली. येथे तीन-चार स्वरांचे सारे क्रम शिष्याकडून इतके घोटून घेतले जात, की विलंबित ख्यालाच्या आलापीत ते रागाचे नियम पाळून आपसूक उमटावेत. ग्रंथातला तक्ता त्या शिष्यांपुढे ठेवला जात नसे. तो पलट्यांच्या रूपाने त्यांच्या गळ्यात उतरलेला असे.

म्हणून उस्तादांना शास्त्र येत नव्हते, हे विधान सरसकट खरे मानता येत नाही. जुनी तालीम ही नियमरहित नक्कल होती, असा समज संगीतशाळांच्या आरंभकाळातील सुशिक्षितांनी पुष्कळ पसरवला, पण तालमीचा क्रम पाहिला तर तिच्यात काटेकोर तर्क दिसतो. आधी तंबोऱ्यावर खर्जाची मेहनत, म्हणजे मंद्र सप्तकातील स्वर दीर्घकाळ लावून आवाज स्थिर करणे. मग एकाच रागातले अलंकार व पलटे. मग त्याच रागाच्या दोन-चार बंदिशी, आणि त्या पक्क्या झाल्यावर बढत, म्हणजे बंदिशीच्या आधारे राग क्रमाक्रमाने विस्तारत नेणे. एखादा राग वर्ष-वर्ष चालत असे. भूप शिकणाऱ्या शिष्याला ‘यात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत’ असे वाक्य कदाचित कधी ऐकू येत नसे, पण गांधारावरून पंचमाकडे जाताना मध्यमाचा नुसता स्पर्श झाला तरी गुरू तिथेच थांबवत असे. नियम होता, परंतु तो चूक झाल्यावर भेटत असे, आधी नव्हे. या पद्धतीची उणीवही खरी होती. शिष्याला किती द्यायचे हे सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर असे, विद्या नात्यागोत्यात राखली जाई, आणि एका घराण्याचा राग दुसऱ्या घराण्यात वेगळा का दिसतो, या प्रश्नाला ‘आमच्याकडे असेच गातात’ यापलीकडे उत्तर मिळत नसे.

इंग्रजी शिक्षण घेतलेल्या वर्गाला नेमके हेच उत्तर पुरेसे वाटेनासे झाले. १८७४ साली पुण्यात बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे यांच्या पुढाकाराने गायन समाजाची स्थापना झाली आणि प्रतिष्ठित घरांतील लोकांनी उघडपणे संगीत ऐकावे व शिकावे असा प्रयत्न सुरू झाला. १८८६ साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबख्श यांनी गायनशाळा काढली. मौलाबख्श यांनी दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला होता आणि शाळेसाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती बनवून छापील पुस्तके तयार केली होती. हातात पुस्तक, समोर फळा, ठरावीक तासिका आणि एका वर्गात अनेक मुले, ही सारी सामग्री येथे प्रथम एकत्र दिसते. वर्गात वीस मुले असली म्हणजे प्रत्येकाची चूक होईपर्यंत थांबून नियम सांगणे शक्य नसते. नियम सर्वांना एकदमच आणि आधीच सांगावा लागतो. शास्त्राला शिक्षणात अग्रक्रम मिळण्याचे पहिले कारण इतके व्यावहारिक आहे, आणि ते कोणत्याही ग्रंथाच्या प्रतिष्ठेपेक्षा जास्त प्रभावी ठरले.

विष्णू नारायण भातखंडे यांचे काम या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले भातखंडे पेशाने वकील होते. सतार शिकले होते, १८८४ पासून मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले होते आणि तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे व अली हुसेन, विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल त्यांनी मोठ्या संख्येने घेतले. म्हणजे ग्रंथांकडे वळण्यापूर्वी त्यांच्याजवळ चिजांचा मोठा साठा होता. त्यानंतर त्यांनी संस्कृत ग्रंथ मिळवून वाचले आणि त्यांच्या ध्यानात आले की या ग्रंथांतील राग आणि प्रत्यक्ष गायले जाणारे राग यांचा मेळ बसत नाही. नावे तीच, स्वर वेगळे. अगदी शुद्ध स्वरांचे सप्तकही बदललेले होते. प्राचीन ग्रंथांचे शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळ जाणारे आणि गवयांचे बिलावलाचे. येथे दोन वाटा होत्या. गवये भ्रष्ट झाले असे म्हणून त्यांना ग्रंथाप्रमाणे सुधारणे ही एक, आणि ग्रंथ कालबाह्य झाले असे मान्य करून चालू व्यवहाराचे नवे लक्षण लिहिणे ही दुसरी. भातखंडे यांनी दुसरी वाट धरली आणि तीच त्यांची खरी थोरवी होय. १९१० साली ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या संस्कृत ग्रंथाचे नावच त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ असे ठेवले, यावरून त्यांचा कौल कोणीकडे होता ते उघड आहे.

हे लक्षण लिहिण्यासाठी त्यांनी देशभर प्रवास केले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांना भेटले आणि व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनी समजून घेतली. ही व्यवस्था गणिती आहे: सप्तकाच्या पूर्वार्धाचे सहा आणि उत्तरार्धाचे सहा प्रकार मानले की शुद्ध मध्यमाचे छत्तीस व तीव्र मध्यमाचे छत्तीस असे बहात्तर मेळ होतात. भातखंड्यांनी त्यातून फक्त दहा थाट घेतले, कारण उत्तरेतील प्रचलित राग बसवायला त्यांना तेवढे पुरेसे वाटले. थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठी धरलेला सात स्वरांचा साचा; तो गायचा नसतो. दहा हा आकडा कोणत्याही सिद्धांतातून निघत नाही, आणि तो अपुरा आहे अशी टीका पुढे पुष्कळ झाली, ती बरीचशी रास्तही आहे. तरीही या अपुरेपणातच त्या शास्त्राचा स्वभाव दिसतो. ते व्यवहाराला पुरेल इतके बेतलेले होते.

भूप आणि देशकार या दोन रागांचे उदाहरण घेतले की हे अधिक स्पष्ट होते. दोहोंत सा, रे, ग, प, ध हे तेच पाच शुद्ध स्वर आहेत. भूप कल्याण थाटात घातला जातो आणि देशकार बिलावल थाटात. या दोन थाटांतला फरक फक्त मध्यमाचा आहे, कल्याणात तो तीव्र आणि बिलावलात शुद्ध. आणि मध्यम तर या दोन्ही रागांत मुळीच नाही. मग स्वरांवरून थाट ठरवायचा तर तो ठरूच शकत नाही. तो ठरला गवयांच्या चलनावरून: भूप गांधारावर विसावतो, पूर्वांगात रमतो, संध्याकाळनंतर गायला जातो आणि त्याचे वळण कल्याणाच्या अंगाचे आहे, देशकार धैवतावर झेपावतो, उत्तरांगात खेळतो, सकाळी गायला जातो आणि बिलावलाच्या कुळात शोभतो. म्हणजे ‘भूप, थाट कल्याण, वादी गांधार, संवादी धैवत’ ही जी ओळ विद्यार्थी राग ऐकण्याच्या आधी पाठ करतो, ती ओळ तो राग ऐकल्याखेरीज कोणालाही लिहिता आली नसती. लक्षण हे लक्ष्याचा सारांश आहे, आणि ज्याच्या कानांवर लक्ष्य पडलेले नाही त्याच्या हाती सारांश दिला तर त्यातले प्रत्येक पद खरे असूनही पोकळ राहते.

मारव्याच्या बाबतीत तर हा सारांश नियमाच्या बाहेर जातो. वादी म्हणजे रागातील प्रमुख स्वर आणि संवादी म्हणजे त्याच्याशी सुसंवाद साधणारा दुसरा. हा सुसंवाद षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम यांच्या अंतरावर असतो, हे तत्त्व भरतापासून चालत आलेले आहे. मारव्यात मात्र कोमल रिषभ वादी आणि शुद्ध धैवत संवादी सांगितला जातो आणि या दोन स्वरांतले अंतर पंचमाहून अर्ध्या स्वराने जास्त भरते. नियमाप्रमाणे हे संवादी होऊच शकत नाहीत. परंतु मारवा ऐकणाऱ्या कोणालाही हे कळते की तो राग याच दोन स्वरांवर उभा आहे, षड्ज लांबणीवर टाकलेला आहे आणि त्या टांगलेपणातूनच त्याची अस्वस्थता येते. त्याच सहा स्वरांचा पूरिया गांधार-निषादावर आणि सोहनी धैवत-गांधारावर उभी राहते, व दोन्हींत नियम पाळला जातो. भातखंड्यांनी मारव्यासाठी नियम वाकवला, राग वाकवला नाही. वर्गात हे एवढे जरी समजावून सांगितले तरी विद्यार्थ्याला शास्त्र म्हणजे काय याची जितकी जाण येईल तितकी रागमाहितीच्या दहा पानांनी येणार नाही.

शास्त्र आणि गायन यांची सांगड शिक्षणातच घालण्याचा भातखंडे यांचा एक उपाय फार मोलाचा होता. ‘लक्षणगीत’ म्हणजे अशी बंदिश की जिचे शब्दच त्या रागाचा थाट, वर्ज्य स्वर, वादी-संवादी आणि वेळ सांगतात, आणि जिची चाल त्याच रागात व तालात बांधलेली असते. लक्षणगीत गाताना विद्यार्थी वर्ज्य स्वराचे नाव उच्चारतो आणि त्याच वेळी तो स्वर गाळून पुढे जातो. नियम जिभेवर आणि नियमाचे पालन गळ्यात, असे दोन्ही एकाच ओळीत घडते. भातखंड्यांनी अशी गीते पुष्कळ रचली. काव्य म्हणून त्यांचे मोल बेताचे आहे, आणि पुढे ख्याल-तराण्यांपुढे ती मागे पडली, तरी अध्यापनाची युक्ती म्हणून त्यांच्या तोडीचे दुसरे काही या काळात निर्माण झालेले दिसत नाही. ‘विष्णुशर्मा’ या नावाने मराठीत लिहिलेली त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ ही चार भागांची ग्रंथमालाही गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू ग्रंथांतले मत सांगतो, मग गवये काय करतात ते सांगतो आणि कित्येकदा प्रश्न उघडा ठेवतो. क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत, ज्यांत अठराशेच्या आसपास बंदिशी आहेत, हा संवाद साहजिकच आटला. तेथे प्रत्येक रागाच्या माथ्यावर चार-सहा ओळींची माहिती आणि खाली स्वरलिपी असते. शाळांत संवाद पोहोचला नाही, पुस्तके पोहोचली.

याच काळात विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेले पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या कडक तालमीत तयार झाले होते. बाळकृष्णबुवांनीच ग्वाल्हेरला जाऊन वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली होती. ५ मे १९०१ रोजी पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईत. त्यांना ग्रंथांतील रागांशी झगडायचे नव्हते. संगीताला भक्तीची आणि शिस्तीची प्रतिष्ठा देऊन ते घरोघर पोहोचवायचे होते. तानसेन घडवण्यापेक्षा कानसेन घडवण्याकडे त्यांचा ओढा होता, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. तरीही शाळा म्हटली की पुस्तके आणि स्वरलिपी त्यांनाही करावीच लागली, आणि त्या स्वरलिपीत त्यांच्या तालमीचा ठसा आहे. भातखंडे लिपीत एका मात्रेत जितके स्वर येतात तितके खाली एक कमान काढून गोळा केले जातात, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ एवढे पुरते, आणि सम गुणाकाराच्या चिन्हाने दाखवली जाते. पलुस्कर लिपीत कोमल स्वराचा पाय हलन्ताने मोडतात आणि प्रत्येक स्वराखाली त्याचा काळ, पूर्ण मात्रा, अर्धी, पाव, अशा निरनिराळ्या खुणांनी लिहितात. पहिली लिपी वाचायला व छापायला सोपी, म्हणून तिचा प्रसार झाला. दुसरी लयीचा हिशेब बारकाईने मागते. लयीत वाढलेल्या गवयाने लिपी केली आणि हजारो चिजा जमवणाऱ्या संग्राहकाने लिपी केली, हा फरक कागदावर दिसतो.

दोन्ही लिप्यांच्या मर्यादाही सारख्याच आहेत. दरबारी कानड्यातला गांधार लिपीत रेघ मारलेल्या ‘ग’ने दाखवता येतो, पण तो गांधार कधी स्थिर उभा नसतो, तो मध्यमाकडून खाली येतो, नेहमीच्या कोमल गांधाराहून किंचित उतरलेला असतो आणि संथपणे झुलत रिषभावर टेकतो. अडाण्यातही तीच खूण, पण तेथला गांधार असा रेंगाळत नाही. ही खूण दोन्ही रागांत एकच दिसते, म्हणून ज्याने दरबारी आधी ऐकला आहे त्याला लिपी आठवण करून देते आणि ज्याने ऐकला नाही त्याची फसगत करते.

हा धोका भातखंडे यांना पुरता ठाऊक होता, आणि ग्वाल्हेरच्या प्रयोगातून ते दिसते. माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८च्या आरंभी तेथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा अध्यापक म्हणून बाहेरचे पदवीधर न आणता ग्वाल्हेरच्याच काही गवयांना आदल्या वर्षी मुंबईला पाठवून भातखंड्यांकडे स्वरलिपी व पद्धती शिकवण्यात आली. त्यांत राजाभैय्या पूंछवाले होते, जे शंकरराव पंडितांच्या तालमीत आधीच मुरलेले होते आणि पुढे त्या विद्यालयाचे प्रमुख झाले. गळ्यात ख्याल असलेल्या माणसाला लिपी शिकवायची, लिपी येणाऱ्या माणसाला ख्याल नव्हे, हा येथला क्रम होता. तो पुढे सर्वत्र टिकला असता तर या विषयाचा इतिहास वेगळा झाला असता.

शास्त्राला प्रयोगशाळेच्या अंगाने पक्के करण्याचाही एक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून बावीस श्रुतींची मोजमापे मांडली, त्यासाठी अब्दुल करीम खाँ यांचे गायन आधाराला घेतले, आणि न्यायाधीश असलेल्या अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींच्या पेटीची कल्पना पुढे आली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न वादाचा ठरला. बावीस स्थाने पेटीच्या पट्ट्यांत कायमची बसवता येतात का, की गवई रागाप्रमाणे आणि स्वरसंगतीप्रमाणे ती हलवतो, या प्रश्नावर भातखंड्यांनी बारा स्वरांवर थांबून श्रुतींचा सूक्ष्म हिशेब शिक्षणाबाहेर ठेवला. गणेश हरी रानडे यांच्यासारख्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने पुढे हे काम वैज्ञानिक शिस्तीने केले, परंतु वर्गात बावीस श्रुती उरल्या त्या नावांच्या यादीपुरत्या: तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती अशा क्रमाने पाठ करायच्या आणि परीक्षा संपली की विसरायच्या.

परीक्षांनी या नात्याला जे वळण दिले ते बाकी कशानेही दिले नाही. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादला एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याची प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी पायऱ्यांची शिडी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वर्गांना मिळाली. या व्यवस्थेने केलेले काम प्रचंड आहे: तालुक्याच्या गावात पेटी-तंबोरा घेऊन बसणाऱ्या शिक्षकाला तिने अभ्यासक्रम आणि प्रतिष्ठा दिली, आणि ज्या घरांत मुलींनी गाणे शिकणे निषिद्ध होते त्या घरांत प्रमाणपत्राच्या वाटेने गाणे शिरले. परंतु परीक्षेला प्रात्यक्षिक आणि शास्त्र असे दोन भाग करावे लागतात, त्यांना वेगवेगळे गुण द्यावे लागतात, आणि लेखी भागात तेच विचारता येते ज्याचे उत्तर एका वाक्यात बरोबर किंवा चूक ठरते. थाट, वादी, संवादी, जाती, समय, तालाची दुगुण-चौगुण, रागांतील साम्य-भेद. प्रात्यक्षिकाच्या दिवशी भूप आणि देशकार एकापाठोपाठ गाऊन दाखव असे विचारले तर जे कळते ते लेखी पेपरातल्या साम्य-भेदाच्या तक्त्यातून कळत नाही. आणि तक्ता पाठ करायला दोन दिवस लागतात, तर दोन राग वेगळे ठेवायला दोन वर्षे. स्वाभाविकपणे वहीतले शास्त्र गळ्याच्या पुढे पळू लागले. भातखंड्यांच्या ग्रंथातील उघडे प्रश्न गाइडांत बंद उत्तरे झाले.

तरीही या व्यवस्थेतून जे खरे गवई आणि विद्वान निघाले त्यांचे शिक्षण जवळून पाहिले, तर एक समान गोष्ट आढळते. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि ‘राग विज्ञान’चे सात भाग लिहिले, पण ते स्वतः पलुस्करांच्या सहवासात वाढलेले होते, आणि त्यांच्याकडे शिकलेले गुरुपुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांनाही त्यांनी घरच्यासारखे ठेवून तालीम दिली. बा. र. देवधरांनी १९२५ साली मुंबईत काढलेल्या शाळेत कुमार गंधर्व वाढले ते वेळापत्रकाबाहेर, तेथे येणाऱ्या निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांना अखंड ऐकत. सर्वांत बोलके उदाहरण श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांचे आहे. मुंबईत जन्मलेले रातंजनकर लहानपणी कृष्णंभट्ट आणि मग बाळकृष्णबुवांचे शिष्य अनंत मनोहर जोशी यांच्याकडे शिकले, त्यानंतर भातखंड्यांच्या हाती आले. आणि भातखंड्यांनी, ज्यांच्या पद्धतीवर ‘पुस्तकी’ असा शिक्का मारला जात होता त्याच भातखंड्यांनी, त्यांना बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून देऊन आग्रा घराण्याच्या फैयाज खाँकडे गंडा बांधायला पाठवले. पद्धती आपल्याकडून, गायकी खाँसाहेबांकडून, ही वाटणी त्यांनी जाणून केली. हेच रातंजनकर पुढे १९२६ साली लखनौला स्थापन झालेल्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलहून कृष्णराव गिंडे अकराव्या वर्षी तेथे गेले ते रातंजनकरांच्या घरी राहिले; दिवसा कॉलेजचा वर्ग आणि बाकी सारा वेळ गुरूचा रियाझ, शिकवण्या व येणाऱ्या-जाणाऱ्या गवयांची चर्चा, असे त्यांचे शिक्षण झाले. पुढे मुंबईत शीवच्या वल्लभ संगीतालयात त्यांनी भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतील बंदिशी अनेक वर्षे शिकवल्या, आणि त्यांच्या तोंडून त्या ऐकणाऱ्यांना पुस्तकातल्या स्वरलिपीत न मावणाऱ्या जागा, आघात आणि ठहराव यांसह त्या पुन्हा मिळाल्या.